पाणी कुठून चढलं ते आधी बघ

बाळा, संडास तुंबला म्हणून तुला बोलावणं येईल ते बहुतेक भाद्रपद-आश्विनात. आपल्या माण तालुक्यात पाऊस मुळात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला भरवशाचा म्हणावा असा परतीचाच. तो दोन रात्री लागून पडला की माणगंगेच्या काठानं, म्हसवडपासून खाली दिघंची-आटपाडीपर्यंत एकच तक्रार. भांड्यात पाणी वर आलंय, खाली जाईना. घरातल्या माणसांचे त्या दिवसांत फार हाल होतात. म्हातारी माणसं पोटभर जेवत नाहीत, बाया अंधार पडायची वाट बघतात, शाळकरी पोरगी शेजारच्या घरी जायला लाजते. म्हणून जायचं ते लगेच जायचं. पण तिथं पोचल्यावर घाई करायची नाही. सळई पिशवीतच राहू दे आणि पाच मिनिटं नुसतं पाणी बघ.

पहिल्यांदा रंग बघ. पाणी नितळ असेल तर ते वरून आलंय. फ्लशच्या टाकीतला वॉशर झिजलेला असतो, रात्रभर बारीक धार भांड्यात उतरत राहते, आणि पुढची वाट आधीच अर्धी बंद असल्यामुळे सकाळी भांडं काठोकाठ भरलेलं दिसतं. अशा घरात दोन दुखणी एकदम असतात. लोक टाकीचं दुखणं सांगतात, पुढच्याचा त्यांना पत्ताच नसतो. पाणी मातकट, गढूळ असेल तर पावसाचं पाणी कुठून तरी आत शिरतंय. काळं आणि उग्र वासाचं असेल तर खड्ड्यातलं किंवा सेप्टिक टाकीतलं पाणी उलटं चढतंय. आणि ताजी घाण तशीच तरंगत असेल तर अडथळा अगदी जवळ, भांड्याखालच्या वळणात, म्हणजे कोंबड्यातच आहे.

मग चाल बघ. एक तांब्या पाणी ओत. पातळी चढली आणि सावकाश उतरली तर वाट अर्धी मोकळी आहे. चढली आणि तिथंच थांबली तर ती बंद आहे किंवा पुढं जागाच उरलेली नाही. कुणी काही न ओतता पातळी आपोआप वाढत असेल, तर भांड्याकडे बघत बसू नकोस. बाहेर जा, पाणी बाहेरून येतंय. बाथरूममधल्या न्हाणी ट्रॅपातून गुडगुड आवाज येत असेल, तर संडासाचं आणि न्हाणीचं पाणी कुठं तरी एकत्र केलेलं आहे, ते कुठं केलंय ते शोध.

त्यानंतर चेंबर उघड. भांडं आणि खड्डा यांच्यामधलं ते फूट-दीड फुटाचं चौकोनी चेंबर हीच आपल्या धंद्यातली खरी तपासणीची जागा. गवंड्यानं फरशीखाली गाडून टाकलं असेल तर घरच्या माणसाला विचारून फरशी काढ, पण ते बघितल्याशिवाय कशालाही हात लावू नकोस. चेंबर कोरडं आणि भांडं भरलेलं असेल, तर अडथळा या दोघांच्या मध्ये आहे. चेंबर तुडुंब असेल तर दुखणं त्याच्या पुढं आहे, आणि भांड्यात कितीही सळई फिरवलीस तरी उपयोग व्हायचा नाही. मी बघितलेल्या निम्म्या घरांत आधीच्या माणसानं भांड्याकडून सळई घालून घालून कोंबडा फोडून ठेवलेला असायचा आणि मूळ दुखणं खड्ड्यात तसंच असायचं.

चेंबर उघडल्यावर आरसा काढ. दाढीचा तळहाताएवढा आरसा पिशवीत कायम ठेवायचा. उन्हात उभं राहून आरशानं उजेडाचा कवडसा पाइपात टाकायचा. पाइप सरळ असेल तर आतलं सगळं वर्तुळ दिसतं. वर्तुळाच्या तळाला चकचकीत पाण्याची चंद्रकोर दिसली की समजायचं, तिथं पाइप बसलाय, उतार मोडलाय आणि पाणी साठून राहतंय. वर्तुळ एका बाजूनं काळं दिसलं तर तिथं थर धरलाय. मोबाइलच्या बॅटरीनं हे एवढं स्वच्छ दिसत नाही. आपल्याकडं ऊन भरपूर आहे, ते वापर.

ही सवय मला लागली ती मुंबईत. तरुणपणी मी कुलाब्याच्या बाजूला शिडाच्या बोटींवर नळजोडणीची कामं केली. बोटीवरचा संडास तू बघितला नाहीस म्हणून सांगतो, कारण पाण्याची पातळी काय चीज आहे हे मला तिथं कळलं. बोटीतलं भांडं बऱ्याचदा समुद्राच्या पातळीच्या खाली असतं, किंवा बोट वाऱ्यानं एका अंगावर कलली की खाली जातं. बोटीच्या बुडाला दोन भोकं असतात. पाऊण इंची नळीनं समुद्राचं पाणी भांड्यात यायचं, दीड इंची नळीनं घाण बाहेर जायची, आणि मध्ये हातानं मारायचा पंप. दोन्ही भोकांवर कॉक. आता होतं काय, पंप मारून झाला, कॉक उघडाच राहिला, आणि नळी पाण्यानं भरलेली आहे. डिझेल तोंडानं ओढून नळी खाली धरली की कॅनमधून आपोआप वाहत राहतं, तसा समुद्र त्या नळीतून भांड्यात वाहत राहतो. भांडं भरतं, काठावरून सांडतं, आणि कुणी जागं नसेल तर बोटीत गुडघाभर पाणी होतं. नांगरून ठेवलेल्या बोटी अशानं बुडाल्याही आहेत.

तिथला उस्ताद मला सांगायचा, आधी आत येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद कर आणि थांब. पातळी चढायची थांबली तर दोष येणाऱ्या नळीत. तरीही चढत असेल तर दोष जाणाऱ्या नळीत, म्हणजे तिथला रबरी पडदा गेलाय. पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा तो चोचीसारखा पडदा असतो, त्यावर खारट पाण्याचा आणि लघवीचा चुन्यासारखा थर बसतो, मग तो नीट मिटत नाही आणि बाहेरचं पाणी मागं येतं. नितळ पाणी चढलं तर पहिली नळी, घाण चढलं तर दुसरी. येणाऱ्या नळीवर कायमचा इलाज म्हणजे ती समुद्राच्या पातळीच्या बरीच वर नेऊन, कमान करून खाली आणायची आणि कमानीच्या माथ्यावर हवा आत घेणारी बारीक झडप बसवायची. हवा शिरली की ओढ तुटते. जाणारी नळीही तशीच वरून फिरवून आणतात. आणि काहीही असलं तरी वापर झाल्यावर दोन्ही कॉक बंद, हा बोटीवरचा दंडक.

आपले नौदलाचे दिलीप दोंदे 2009च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या बोटीवर एकटे निघाले आणि पृथ्वीला फेरी घालून 2010च्या मे महिन्यात परत आले. अशा प्रवासात मध्येच कुणाला बोलावता येत नाही. पाणी कुठून येतंय, कुठला कॉक फिरवायचा, हे ज्याचं त्यालाच ओळखावं लागतं. आपल्या वाडीवस्तीवरच्या माणसाचीही तीच गत असते. म्हणून तू नुसती दुरुस्ती करून निघू नकोस. घरातल्या निदान एका माणसाला चेंबर उघडून दाखव आणि काय बघायचं ते शिकव.

माणात समुद्र नाही. पण ओढ्याकाठच्या घराखाली परतीच्या पावसात पाणी असं वर येतं की आठ-पंधरा दिवस ते घर पाण्याच्या पातळीच्या खाली असल्यागतच असतं. खड्डा मग शोषत नाही. उलट जमिनीतलं पाणी खड्ड्यात येतं, खड्ड्यातून पाइपात, पाइपातून भांड्यात. त्या वेळी खड्डा उपसून काही होत नाही, उपसला तितका तो परत भरतो. असं दुखणं ओळखायची खूण सोपी आहे. जवळच्या विहिरीत वाकून बघ. विहिरीचं पाणी खड्ड्याच्या तळाच्या वर आलं असेल तर उत्तर मिळालं.

दुष्काळाच्या वर्षांत खणलेले खड्डे आता त्रास देतात त्याचं कारण हेच. 2014च्या ऑक्टोबरमध्ये स्वच्छ भारत अभियान सुरू झालं, 12,000 रुपयांचं अनुदान आलं आणि वाडीवस्तीवर संडास झाले. चांगलंच झालं. तेव्हा विहिरी कोरड्या ठणठणीत होत्या, खड्डा कुठंही खणला तरी पाणी घटकेत गायब व्हायचं. पुढं लोकांनी श्रमदान केलं, बांध घातले, चर खोदले. 2018च्या वॉटर कप स्पर्धेत आपल्या तालुक्यातली टाकेवाडी पहिली आली. उरमोडी योजनेचं पाणी आलं, जिहे-कठापूरचं आलं, खाली आटपाडीला टेंभूचं आलं. विहिरींना पाणी टिकायला लागलं, आणि ज्या खड्ड्यांनी कधी तक्रार केली नव्हती ते आता भरून येतात. पाणी आलं याचा आनंदच आहे. पण नवं काम करताना तू दहा वर्षांपूर्वीची जमीन डोळ्यांपुढं ठेवून खड्डा खणू नकोस. गावातल्या म्हाताऱ्याला विचार, भरल्या सालात इथल्या विहिरीचं पाणी कुठवर येतं. खड्ड्याचा तळ त्याच्यापासून सहा-सात फूट वर राहिला पाहिजे. नसेल राहत, तर खड्डा उथळ आणि रुंद घे, किंवा जोतं उचल, खड्ड्याचा वरचा भाग जमिनीच्या वर आण आणि भोवतीनं मातीची भर घाल. पायऱ्या दोन वाढतील, पण पावसात भांडं कोरडं राहील.

जमिनीचं म्हणशील तर आपल्याकडं तिन्ही तऱ्हा आहेत. माळावरचा मुरूम उत्तम शोषतो. नदीकाठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली असते आणि लोकांना वाटतं, केवढी शोषेल. पाऊस पडला की ती फुगते, भेगा मिटतात आणि खड्डा हौदासारखा भरून राहतो. तिसरा कातळ. सुरुंग लावून खड्डा काढला, आतून जाळीचं बांधकाम केलं, तरी पाणी जायला वाट नाही. आणि वाट असली तर ती आणखी वाईट, कारण कातळातल्या भेगेतून घाण न गाळता कुठल्या कुठं जाते, थेट कुणाच्या तरी बोअरमध्ये. अशा जागी खड्ड्याचा तळ सिमेंटनं बंद करायचा आणि भोवतीनं दीड-दोन फूट वाळूचं कडं भरायचं, म्हणजे पाणी गाळून मुरतं. खड्डा ठरवायच्या आधी फूटभर खोल भोक खणून ते पाण्यानं भर, एकदा जिरू दे, परत भर, आणि तासाभरात किती बोटं पाणी उतरलं ते बघ. हे पावसाळ्यात केलेलं चांगलं.

खोल खड्ड्याची हौस मात्र तू मोडून काढ. पंधरा फूट, वीस फूट खणतात आणि अभिमानानं सांगतात, आमचा खड्डा जन्मात भरायचा नाही. तो भरत नाही कारण तो खालच्या पाण्याला जाऊन मिळालेला असतो, आणि तेच पाणी दीडशे फुटांवरच्या हातपंपातून लेकरं पितात. पाच-सहा माणसांच्या घराला साधारण तीन-साडेतीन फूट व्यासाचा आणि चार-साडेचार फूट खोल खड्डा तीन वर्षं जातो. जमिनीतल्या जिवंत मातीचा थर वरच्या काही फुटांतच असतो, मैल्याची माती तिथंच होते, वीस फुटांवर होत नाही. विहीर, हातपंप, बोअर यांच्यापासून तीस-पस्तीस फूट तरी लांब राहा, आणि भेगाळ कातळ असेल तर त्याहून कितीतरी लांब. कोरड्या पडलेल्या बोअरमध्ये संडासाचा पाइप सोड असं कुणी सांगितलं, तर काम सोडून ये. पैसे बुडाले तरी चालतील.

आता दोन खड्ड्यांचं. ही पद्धत आपल्यासारख्या मुलखासाठी सोन्यासारखी आहे, पण ती निम्म्या घरांत चुकीची वापरली जाते. चेंबरातून दोन वाटा फुटतात, त्यातली एक कायम बंद पाहिजे. वीट लाव, चिखल-सिमेंट लाव, पण बंद कर. गवंडी घाईत दोन्ही मोकळ्या ठेवून जातो. मग दोन्ही खड्डे एकाच वेळी भरतात आणि मालक म्हणतो, दोन खड्डे असून संडास तुंबला. एक भरला की त्याला बंद करून दुसरा चालू करायचा, आणि पहिल्याला दीड-दोन वर्षं हात लावायचा नाही. त्यानंतर आत निघते ती भुरभुरीत, वास नसलेली काळी माती. ते सोनखत. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी आयुष्य घातलं ते हेच लोकांना पटवण्यात. आपल्या डाळिंबाच्या बागांना हे खत काय मानवतं ते एकदा वापरून बघितलेला माणूस सोडत नाही. फक्त खड्डा पावसाळ्यात पाण्यात उभा राहिला असेल तर आणखी एक उन्हाळा जाऊ दे, मगच उकर.

या खड्ड्यांत अंघोळीचं, धुण्याचं पाणी सोडू द्यायचं नाही. त्याला वेगळा शोषखड्डा, नाहीतर परसात केळी-अळू लाव. आणि शहरी भांडं बसवायचा आग्रह धरणाऱ्याला आधी समजावून सांग. मुंबईला सोन्या-चांदीच्या गलाईला, नोकरीला असलेली पोरं दिवाळीला येतात, आईबापासाठी हौसेनं कमोड बसवतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला कमोड पाहिजेच, त्याला नाही म्हणू नकोस. पण खेड्यासाठी केलेलं भांडं जास्त उताराचं असतं, त्याच्या कोंबड्यात 20 मिलिमीटर पाणी राहतं आणि ते दीड-दोन लिटरमध्ये साफ होतं. शहरी कोंबड्यात 50 मिलिमीटर पाणी असतं आणि जुनी फ्लशची टाकी एका दाबात दहा लिटर सोडते. खड्डा दीड-दोन लिटरच्या हिशेबानं बांधलेला, पाणी पाचपट, मग तो काठोकाठ भरायचाच. कमोड बसवायचा तर तीन-सहा लिटरची दोन बटणांची टाकी घ्यायला लाव आणि खड्ड्याची मापं परत काढ.

उन्हाळ्याची गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पावसात फुटणारं दुखणं बरेचदा चैत्र-वैशाखात तयार झालेलं असतं. टँकर चार दिवसांनी येतो, तेव्हा संडासात कोण दोन लिटर पाणी ओतणार? अर्ध्या तांब्यावर भागवतात. त्यांचं चुकत नाही. पण अर्ध्या तांब्यानं मैला कोंबड्याच्या पलीकडं जातो आणि पाइपातच बसतो. पाइपाला उतार कमी असेल तर तिथंच वाळतो, त्यावर दुसरा थर, तिसरा थर. पुढं पावसात पाणी मुबलक होतं, लोक भरपूर ओततात आणि अर्धा बंद पाइप एकदम तुंबतो. म्हणून खड्ड्याकडे जाणाऱ्या पाइपाला दहा फुटांना चार इंच उतार दे, त्यात तडजोड नको. पाइप जितका आखूड तितका बरा, मध्ये कोन नको. आणि घरातल्या बाईला सांग, धुण्याचं साबणाचं शेवटचं पाणी बादलीत ठेवायचं आणि दिवसातून एकदा ती बादली एका झटक्यात भांड्यात ओतायची. टंचाईत चांगलं पाणी न दवडता पाइप धुतला जातो. हा उपाय मला एका वाडीवरच्या आज्जीनं सांगितला, आणि तिचा संडास मी कधी तुंबलेला बघितला नाही.

थर धरलेला पाइप मोकळा करताना चेंबरकडून भांड्याच्या दिशेनं काम कर, उलट नाही. बांबूची लवचीक कामटी किंवा स्प्रिंग घे, लोखंडी टोकदार सळईनं प्लॅस्टिकचा पाइप फुटतो. कोंबड्यात अडकलं असेल तर काठीला ओल्या गोणपाटाचा घट्ट बोळा बांध, भांड्याचं तोंड पूर्ण बंद होईल असा, आणि दाबून झटक्यानं वर ओढ. ढकलण्यापेक्षा ओढण्यानं निघतं. निघेल ते चेंबरपाशी जाळी धरून बाहेर काढ, पुढं जाऊ देऊ नकोस. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, केसांचे गुंते, सॅनिटरी पॅड. पॅड निघाला तर घरातल्या पुरुषांपुढं दाखवत बसायचं नाही. नंतर घरच्या बाईला बाजूला, हलक्या आवाजात सांगायचं, आणि झाकणाचा डबा ठेवायला सुचवायचं.

अ‍ॅसिड ओतायला कुणी सांगितलं तर नको म्हण. टाकीतले, खड्ड्यातले जंतूच मैल्याची माती करतात, ते अ‍ॅसिडनं मरतात. आणि अ‍ॅसिडवर ब्लिचिंग पावडर पडली तर जो वायू सुटतो तो बंद खोलीत जीव घेऊ शकतो. कढत उकळतं पाणीही नको, चिनीमातीच्या भांड्याला तडा जातो.

टाकीबद्दल एकच गोष्ट सांगतो, आणि ही तू माझी शपथ समज. सेप्टिक टँकमध्ये उतरायचं नाही. डोकंसुद्धा आत घालायचं नाही. आत काडी पेटवून बघायचं नाही, मिथेन भडकतो. दुसरा वायू असतो हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा. जास्त झाला की नाकाची वास घ्यायची ताकदच जाते. माणसाला वाटतं, वास गेला, हवा मोकळी झाली, आणि तो आत वाकतो. एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. बाप-लेक, भाऊ-भाऊ असे गेलेत. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं 2013च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते पापच होतं. ज्या जातीच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या हे काम करायला लावलं, त्यांच्यातल्या कुणाला पाचशे रुपये जास्त देऊन उतरवू असं एखादा मालक सहज बोलून जातो. तिथं गप्प बसू नकोस. मैला उपसायची गाडी मागव, नळी वरून सोडते, कुणाला उतरावं लागत नाही. दर दोन-तीन वर्षांनी उपसा झाला तर टाकी तुंबायचं कारणच राहत नाही. गाडी आली की आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या टी जागेवर आहेत का ते वरूनच बघ. बाहेरच्या बाजूची टी गळून पडली की वरची साय शोषखड्ड्यात जाते आणि तो कायमचा बसतो.

आणखी एक दुखणं अलीकडं वाढलंय. गावात रस्ता काँक्रीटचा होतो, चांगलं होतं. पाच-सात वर्षांनी त्याच्यावरच दुसरा थर पडतो. रस्ता वर येतो, घर तिथंच. अंगण रस्त्याच्या खाली जातं, चेंबरचं झाकण गटाराच्या पातळीला येतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात रस्त्याचं पाणी चेंबरात. मालक म्हणतो, वीस वर्षं काही झालं नव्हतं. तिथं सळई काढायचीच नाही, लेव्हल ट्यूब काढायची. पारदर्शक नळीत पाणी भर, एक टोक भांड्याच्या काठाला धर, दुसरं रस्त्याच्या काठाला. दोन्हीकडचं पाणी एका रेषेत येतं. रस्ता वर आणि भांडं खाली निघालं तर मालकाला ती नळी दाखव, दहा वाक्यांचं काम होतं. मग चेंबरची कडा दोन वीट उंच बांध, झाकण घट्ट बसव, अंगणाचा उतार फिरव. गच्चीची पन्हाळ चेंबरला जोडलेली असेल तर ती आधी तोड. घर जिथं सार्वजनिक गटाराला किंवा मोठ्या टाकीला जोडलेलं आहे आणि पाणी मागं मारतंय, तिथं पाइपात नॉन रिटर्न व्हॉल्व बसव. बोटीतल्या रबरी पडद्याचंच काम ते करतं, आणि तसंच त्याला वर्षातून एकदा उघडून पुसावं लागतं. गाडून टाकलास तर दोन वर्षांत त्याचाच अडथळा होईल, म्हणून त्याला स्वतःचं झाकणाचं चेंबर दे.

यात्रा-जत्रांचा हिशेब वेगळा. चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा, मार्गशीर्षात म्हसवडचा रथ, त्या वेळी पाच माणसांच्या घरात पंचवीस पाहुणे असतात. पंधरा दिवस आधी तू स्वतः फिरून नेहमीच्या घरांची चेंबरं उघडून बघ. खड्डा वरपर्यंत आलेला असेल तर तेव्हाच वाट फिरव. पाहुणे दारात असताना खड्डा बदलायची वेळ कुणावर आणू नकोस.

पैसे घेताना नुसतं बघण्याचेही घे, त्यात लाजायचं नाही. पण दुखणं पाण्याच्या पातळीचं निघालं आणि पंधरा दिवसांनी ते आपोआप उतरणार असेल, तर तसं स्पष्ट सांग, उगाच पाइप बदलून बिल करू नकोस. तोवर काय करायचं तेही सांग. पाणी कमी ओता, न्हाणीचं पाणी बाहेर काढा, म्हाताऱ्या माणसासाठी खुर्चीचं भांडं आणा, विहिरीचं पाणी उकळून प्या. हे उकळायचं विसरू नकोस सांगायला. खड्डा आणि विहीर एका पातळीला आली असतील त्या आठवड्यात गावात जुलाब, कावीळ सुरू होते, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

आणि निघायच्या आधी संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं लिही. कुठला खड्डा चालू आहे, डावा की उजवा. कधी चालू केला, महिना आणि साल. चेंबर कुठल्या फरशीखाली आहे. टाकी असेल तर शेवटचा उपसा कधी झाला. पुढच्या पावसात तू आलास काय किंवा दुसरा कुणी आला काय, त्याला फरशी फोडत बसावं लागणार नाही.